भूमितीचे जनक युक्लिड



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणायला सांगितले. कोणी छत्रपती शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई फुले, कोणी बाबासाहेब आंबेडकर, तर कोणी गाडगेबाबा. माझी पाळी शेवटी आली. तोवर मला माहीत असलेली सगळी नावे संपली होती. गुरुजींनी थोडा विचार केला आणि मी युक्लिड यांचे चरित्र लिहावे असे सांगितले. सगळा वर्ग हसला. कारण भूमितीत माझे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या चाचणीत मला २० पैकी ६ गुण पडले होते. बिंदू काढून दाखव म्हटल्यावर मी फळ्यावर खडूने चांगला रुपयाएवढा गोळा गिरवला होता आणि हा बिंदू आहे की भाकरी, असे गुरुजींनी विचारले होते. तेव्हापासून काही मुले मला भाकरी म्हणूनच हाक मारतात.

म्हणून आधी मला वाईट वाटले. पण गुरुजींनी मला पुस्तके वाचायला दिली आणि जे कळले नाही ते मधल्या सुट्टीत समजावून सांगितले. आता लेख लिहून झाल्यावर वाटते, की हेच नाव माझ्या वाट्याला आले ते बरे झाले. का बरे झाले ते शेवटी सांगतो.

चरित्र म्हटले की जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांचे नाव, बालपणीच्या गोष्टी हे सगळे यायला पाहिजे. युक्लिड यांच्या बाबतीत यातले काहीच सांगता येत नाही, कारण त्याची खात्रीची नोंदच कोठे राहिलेली नाही. ते ग्रीक भाषेत लिहीत आणि इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास, म्हणजे आजपासून सुमारे २३०० वर्षांपूर्वी, इजिप्त देशातील अलेक्झांड्रिया शहरात शिकवत असत, एवढे सांगता येते. त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती प्रोक्लस नावाच्या विद्वानाने लिहून ठेवली आहे, आणि हे प्रोक्लस युक्लिडनंतर सातशे वर्षांनी होऊन गेले. मेगारा गावचे युक्लिड नावाचे दुसरे एक तत्त्वज्ञ होते. पुढे लोकांनी या दोघांत इतका घोटाळा केला, की कित्येक वर्षे गणिती युक्लिडच्या पुस्तकावर मेगाराच्या युक्लिडचे नाव छापले जात होते. पुस्तकात त्यांचे दाढीवाले चित्र असते, तेही चित्रकाराने मनाने काढलेले आहे.

हे वाचून मी गुरुजींकडे गेलो आणि या माणसाचे चरित्र कसे लिहायचे ते विचारले. गुरुजी म्हणाले, की जुने दगडी देऊळ बांधणाऱ्या पाथरवटाचे नाव कोणाला माहीत नसते, तरी त्याचा हात दगडादगडावर दिसतो. युक्लिड यांचा हात त्यांच्या ग्रंथात दिसतो. तो ग्रंथ हेच त्यांचे चरित्र समज.

आता ते ज्या शहरात राहत होते त्याविषयी. भारतावर स्वारी करून पंजाबपर्यंत आलेल्या सिकंदराने इ. स. पूर्व ३३१ मध्ये इजिप्तच्या समुद्रकिनाऱ्यावर एक शहर वसवले. त्याच्या नावावरून ते अलेक्झांड्रिया. आठ वर्षांनी, इ. स. पूर्व ३२३ मध्ये, सिकंदर बाबिलोनमध्ये वारला. त्याच्या सेनापतींनी राज्य वाटून घेतले. इजिप्त टॉलेमी या सेनापतीकडे गेले आणि पुढे तो तिथला राजा झाला. त्याच्या घराण्याने अलेक्झांड्रियात एक मोठे विद्यापीठ आणि ग्रंथालय उभे केले. दूरदूरचे विद्वान तिथे येऊन राहत. त्यांच्या जेवणाखाणाचा खर्च राजा करी. तेव्हा आजच्यासारखा कागद नव्हता. पपायरस नावाच्या, पाण्यात वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या झाडापासून पट्टे करून त्यावर लिहीत आणि ते गुंडाळून ठेवत. ग्रंथालयात अशा हजारो गुंडाळ्या होत्या. अशा या शहरात युक्लिड शिकवीत.

भूमितीचा इजिप्तशी संबंध मात्र युक्लिडच्याही आधीचा आहे. तिथे नाईल नदीला दरवर्षी पूर येई. पुराने गाळ येऊन जमीन कसदार होई, पण शेताच्या हद्दी पुसून जात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यांनी लिहून ठेवले आहे, की नदीने कोणाची जमीन नेली तर राजा माणसे पाठवून ती मोजून घेई आणि तेवढा कर कमी करी. ही मोजणी दोरीने चाले. त्यावरूनच या शास्त्राला नाव पडले. ग्रीक भाषेतल्या नावाचा अर्थ जमिनीची मोजणी, आणि आपल्या शब्दाचाही तोच. भू म्हणजे जमीन, मिती म्हणजे माप. आपल्याकडे यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी शुल्बसूत्रे रचली गेली. शुल्ब म्हणजे दोरी. म्हणजे इथे काय आणि तिथे काय, भूमितीची सुरुवात दोरीनेच झाली.

पण नुसती दोरी ताणून काम भागत होते, तर युक्लिड यांनी नवीन काय केले?

त्यांच्या आधी थेल्स, पायथागोरस, थिएटेटस, युडॉक्सस असे पुष्कळ गणिती होऊन गेले. त्यांनी अनेक सिद्धांत शोधले होते. पण कोणाचे काय आणि कशावरून, हे सगळे विखुरलेले होते. युक्लिड यांनी ते गोळा केले, काही सिद्धता पक्क्या केल्या आणि सगळे अशा क्रमाने मांडले, की पुढचे प्रत्येक पाऊल मागच्या पावलावर पडावे. या ग्रंथाला मराठीत मूलतत्त्वे म्हणता येईल. ग्रीक भाषेत त्याचे जे नाव आहे त्या शब्दाचा अर्थ मुळाक्षरे असाही होतो. हे मला फार आवडले. आपण पहिलीत अ आ इ शिकलो आणि त्यावरच आज वाचतो, लिहितो. तशी ही भूमितीची मुळाक्षरे. या ग्रंथाचे १३ भाग आहेत आणि त्यांत ४६५ विधाने सिद्ध करून दाखवली आहेत.

आता ती मुळाक्षरे कोणती ते पाहू.

पहिले अक्षर बिंदू. युक्लिड यांच्या मते ज्याचा आणखी भागच पडत नाही तो बिंदू. त्याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. त्याला फक्त जागा आहे. माझी बहीण सकाळी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढते. तो ठिपका म्हणजे खरा बिंदू नव्हे, तर इथे बिंदू आहे हे सांगणारी खूण आहे. खूण लहान काढा की मोठी, बिंदू तेवढाच. आता मला कळले, की मी फळ्यावर भाकरी काढली ही माझी चूक नव्हती. भाकरीलाच मी बिंदू समजलो ही चूक होती.

दुसरे अक्षर रेषा. तिला फक्त लांबी आहे, रुंदी मुळीच नाही. पेन्सिलीला कितीही टोक करा, तरी वहीवरच्या रेघेला थोडी का होईना रुंदी येतेच. म्हणजे ती रेघ हेही रेषेचे चित्रच. आपल्या पुस्तकात सांगितले आहे, की रेषा दोन्ही बाजूंना न संपणारी असते. तिचा मर्यादित तुकडा म्हणजे रेषाखंड, त्याला दोन अंत्यबिंदू. एका बिंदूपासून निघून एकाच दिशेने जात राहतो तो किरण, जसा बॅटरीचा झोत.

तिसरे अक्षर प्रतल. त्याला लांबी आहे, रुंदी आहे, पण जाडी नाही. वारा नसताना गुरांच्या हौदातले पाणी वरून कसे सपाट दिसते, तसे. हौदाला काठ आहेत, प्रतलाला काठ नाहीत. ते सगळीकडे पसरत जाते.

आता या अक्षरांची जोडणी पाहा. एका बिंदूतून कितीही रेषा काढता येतात. पण दोन बिंदू ठरले, की त्यांतून जाणारी सरळ रेषा एकच. दुसरी काढून दाखवा म्हटले तरी निघत नाही. आणि एका रेषेत नसलेले तीन बिंदू ठरले, की त्यांतून जाणारे प्रतल एकच. म्हणून तर तीन दगडांच्या चुलीवर ठेवलेले पातेले डुगडुगत नाही आणि चार पायांचे टेबल मात्र खाली कागदाची घडी मागते. चुलीचे तीन दगड मांडणाऱ्या आयाबायांना ही भूमिती न शिकताच येते.

मुळाक्षरांनंतर युक्लिड यांनी पाच गोष्टी मागून घेतल्या. दोन बिंदू सरळ रेषेने जोडता यावेत. रेषाखंड सरळ वाढवता यावा. कोणताही बिंदू केंद्र धरून हव्या त्या त्रिज्येचे वर्तुळ काढता यावे. सगळे काटकोन सारखे असावेत. पाचवी मागणी समांतर रेषांविषयी आहे. शिवाय रोजच्या व्यवहारातल्या पाच गोष्टी त्यांनी सर्वांना मान्य आहेत असे धरले. उदाहरणार्थ, दोन पोती वजनाने तिसऱ्या पोत्याइतकी असली तर ती दोन्ही एकमेकांइतकीच भरणार. सारख्या ढिगांतून सारखे धान्य काढले तर उरलेले ढीग सारखेच. आणि अख्खी भाकरी तिच्या तुकड्यापेक्षा मोठी. आजीला हे वाचून दाखवले तर ती म्हणाली, की हे सांगायला एवढा मोठा माणूस कशाला पाहिजे. पण गंमत तिथेच आहे. ज्याला कोणीच नाही म्हणणार नाही, तेवढेच त्यांनी आधी घेतले. बाकी सगळे त्यातून बाहेर काढले.

त्यांचे पहिलेच विधान आम्ही शाळेच्या मैदानात करून पाहिले. तुम्हीही करून पाहा. जमिनीत क आणि ख अशा दोन खुंट्या ठोका. दोरीचे एक टोक क ला बांधा, ख पर्यंत ताणा आणि तेवढ्याच दोरीने क भोवती वर्तुळ काढा. मग तीच दोरी ख ला बांधून तेवढेच दुसरे वर्तुळ काढा. दोन्ही वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतील तिथे ग ही खुंटी ठोका. झाला समभुज त्रिकोण. आता मोजपट्टी लावायची नाही. कग ही कख एवढीच, कारण एकाच वर्तुळाच्या त्या त्रिज्या. खग ही सुद्धा कख एवढीच, कारण दुसऱ्या वर्तुळाच्या त्या त्रिज्या. दोघी तिसरीएवढ्या, म्हणून तिन्ही सारख्या. आमच्यातल्या एकाने तरी टेप लावलाच, तेव्हा एक बाजू दोन बोटे कमी भरली, कारण खुंटी हलली होती. पण सिद्धता काही हलली नाही. मोजणी माणसाच्या हातावर अवलंबून असते, सिद्धता नसते.

अशी एकावर एक वीट रचत पहिल्या भागात ४८ विधाने होतात. त्यातले ४७ वे म्हणजे पायथागोरसचे प्रमेय. आयताच्या कर्णाविषयी हीच गोष्ट आपल्या बौधायन शुल्बसूत्रातही सांगितली आहे. पुढच्या भागांत वर्तुळ, प्रमाण, संख्या हे विषय येतात. मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे त्यांनी नवव्या भागात दाखवले. शेवटच्या भागात सगळ्या बाजूंनी सारखे असे पाच घनाकार येतात. याशिवाय आपल्याला वस्तू कशा दिसतात आणि आकाशातले तारे कसे फिरताना दिसतात, यावरही त्यांची पुस्तके आहेत.

त्यांच्याविषयी दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. दोन्ही त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिल्या गेल्या. पहिली राजाची. टॉलेमी राजाला भूमिती शिकायची होती, पण एवढा मोठा ग्रंथ पाहून तो दमला आणि याहून जवळची वाट नाही का, असे त्याने युक्लिडना विचारले. राजाचेच अन्न खाणारा दुसरा कोणी असता तर त्याने हांजी हांजी केली असती. युक्लिड यांनी स्पष्ट सांगितले, की भूमितीत राजासाठी वेगळा रस्ता नाही.

दुसरी गोष्ट एका विद्यार्थ्याची. पहिले विधान शिकून होताच त्याने विचारले, की हे शिकून मला काय मिळणार? युक्लिड यांनी नोकराला बोलावले आणि याला थोडी नाणी दे, कारण शिकलेल्याचे पैसे मिळाल्याशिवाय याला चैन पडत नाही, असे सांगितले. ही गोष्ट वाचून मी जरा वरमलो, कारण हाच प्रश्न मीही घरी विचारला होता. मात्र युक्लिड रागीट होते असे कोणी समजू नये. पापस नावाच्या पुढच्या काळातल्या गणितींनी लिहिले आहे, की ते मनाने सरळ होते, दुसऱ्याच्या शोधाचे श्रेय दुसऱ्याला देत आणि गणितात थोडी जरी भर घालणारा असला तरी त्याच्याशी प्रेमाने वागत.

युक्लिड कधी वारले तेही कोणी लिहून ठेवलेले नाही. पण त्यांची भूमिती पुढे चालत राहिली. त्यांच्यानंतर त्याच शहरात एराटोस्थेनीस यांनी सावलीच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ काढला. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्याच थिऑन यांनी मूलतत्त्वे तपासून त्याची नवी प्रत तयार केली. नवव्या शतकापर्यंत बगदादच्या विद्वानांनी तो अरबी भाषेत नेला आणि बाराव्या शतकात तो अरबीतून लॅटिनमध्ये गेला. १४८२ मध्ये इटलीतल्या व्हेनिस शहरात तो प्रथम छापला. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंह राजाच्या सांगण्यावरून सम्राट जगन्नाथ या पंडितांनी अरबीवरून त्याचा संस्कृत अनुवाद केला. त्याचे नाव रेखागणित. तो १९०१–०२ मध्ये आपल्या मुंबईतून छापून प्रसिद्ध झाला. म्हणजे अलेक्झांड्रियाहून निघालेले युक्लिड बगदाद आणि जयपूर करत मुंबईला पोचले.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन लहानपणी फारच थोडे दिवस शाळेत गेले होते. आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाचे सभासद राहून आल्यावर, चाळिशीच्या सुमारास, त्यांनी युक्लिडचे पहिले सहा भाग स्वतः बसून अभ्यासले. तेव्हा आज आलेल्या पालकांपैकी कोणाला वाटले, तर अजून वेळ गेलेली नाही.

युक्लिड यांचे सगळेच शेवटचे ठरले असेही नाही. त्यांची समांतर रेषांची पाचवी मागणी बाकीच्या चारांतून सिद्ध करण्यासाठी दोन हजार वर्षे लोक झटले. शेवटी १८२९ मध्ये रशियाच्या लोबाचेव्हस्की यांनी आणि १८३२ मध्ये हंगेरीच्या बोल्याई यांनी छापून दाखवले, की ती मागणी सोडली तर वेगळीच भूमिती तयार होते. आपल्या शाळेतला पृथ्वीचा गोल पाहा. विषुववृत्तावर दोन रेखावृत्ते काटकोनात उभी आहेत, तरी वर जाऊन ती ध्रुवावर मिळतात. सपाट कागदावर असे कधी होत नाही. तसेच १८९९ मध्ये जर्मनीच्या हिल्बर्ट यांनी ठरवले, की बिंदू, रेषा आणि प्रतल यांची व्याख्या करत बसायचे नाही. ते एकमेकांशी कसे वागतात एवढे सांगायचे. म्हणून आज या तीन संज्ञा व्याख्येशिवायच धरतात. मला हे वाचून धीर आला. बिंदू म्हणजे काय हे नेमके सांगणे मोठमोठ्यांनाही जड गेले आहे.

आता सुरुवातीला सांगतो म्हटलेली गोष्ट. हे लिहू का, असे मी घरी सर्वांना विचारले आहे.

आमचे शेत आणि माझे चुलते तात्या यांचे शेत शेजारीशेजारी आहे. आजोबांनी वाटणी केली तेव्हा दोन दगड पुरले होते. एक विहिरीजवळ लिंबाखाली आणि दुसरा खाली ओढ्याच्या काठी. मध्ये बांध. दोन वर्षांपासून बांध कोरल्यावरून दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि तात्यांची बोलाचाल बंद आहे. दादा म्हणत तात्यांनी बांध कोरला, तात्या म्हणत दादांनी. अंगण एकच, पण दिवाळीचा फराळसुद्धा इकडचा तिकडे गेला नाही. तात्यांचा मुलगा माझ्याच वर्गात आहे. शाळेत आम्ही एकाच पट्टीवर बसतो आणि घराजवळ आलो, की वेगळे चालतो.

एकरेषीय बिंदूंचा पाठ झाला तेव्हा गुरुजींनी दोघादोघांना एक उपक्रम दिला. गावात कुठेही दोन पक्क्या खुणा शोधायच्या आणि त्यांच्यामध्ये काठ्या लावून सरळ रेषा दाखवायची. आम्ही दोघे एका गटात आलो. आम्हांला पक्क्या खुणा दोनच ठाऊक होत्या.

रविवारी आम्ही नऊ तुराट्या घेऊन गेलो. दोन्ही दगडांपाशी एकेक उंच काठी उभी केली. चुलतभाऊ विहिरीजवळच्या दगडामागे एक डोळा मिटून उभा राहिला. मी मध्ये तुराटी धरायची, तो हाताने इकडे तिकडे सांगायचा. ओढ्याकडची काठी तुराटीआड लपली, की ती तिथेच रोवायची. अशा नऊ तुराट्या रोवल्या. मग रेषा दिसू लागली. विहिरीच्या अंगाला आमची नांगरट रेषा ओलांडून दीड हात तात्यांच्या रानात गेली होती. ओढ्याच्या अंगाला तात्यांची नांगरट आमच्या रानात आली होती, तीही साधारण तेवढीच.

खरं सांगतो, विहिरीकडची एक तुराटी थोडी पलीकडे सरकवावी असं माझ्या मनात आलं. दादांचं चुकलं हे मला दाखवायचं नव्हतं. मी ती सरकवलीसुद्धा. पण लगेच ती एकटीच रांगेबाहेर दिसायला लागली. चुलतभाऊ काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. मी ती परत जागेवर आणून रोवली.

संध्याकाळी आजीने दोघांनाही बांधावर बोलावून घेतले. दादा वाकून बघत होते, मग तात्या वाकून बघत होते. कोणी काही बोलले नाही. दगड दोघांनाही मान्य होते, आणि दोन दगडांतून दुसरी रेषा काही निघत नाही. राजाला वेगळा रस्ता नाही, तसा माझ्या दादांनाही नाही आणि तात्यांनाही नाही. मला तेव्हा आणखी एक गोष्ट समजली. बांध दोन हात रुंद असतो. त्याच्या रुंदीत माझे किती आणि तुझे किती, यावर दोन वर्षे भांडण चालले होते. खऱ्या रेषेला रुंदीच नसते. तिच्यात भांडायला जागाच नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात दादांनी विहिरीकडचा दीड हात सोडून नांगर धरला. थोड्या दिवसांनी तात्यांनी ओढ्याकडचा सोडला. दोघे अजून फारसे बोलत नाहीत. पण आता आम्ही दोघे भाऊ शाळेतून घरापर्यंत बरोबर येतो आणि कोणी रागावत नाही. भूमिती शिकून मला काय मिळाले, हे विचारायला मला आता युक्लिड यांच्याकडे जायचे कारण नाही. त्यांच्या नोकराने नाणी आपल्याकडेच ठेवावीत.

वर्गमित्रांनो, या चरित्रावरून आपण एवढा बोध घ्यावा, की आधी सर्वांना मान्य असेल तेवढे धरावे, मग एकेक पाऊल पुढे टाकावे आणि जे निघेल ते आपल्या विरुद्ध निघाले तरी मान्य करावे. युक्लिड यांचे जन्मगाव, त्यांचा चेहरा यातले काही आपल्याजवळ नाही. पण बिंदूलाही लांबी-रुंदी नसते आणि तरी सगळी भूमिती त्याच्यापासूनच सुरू होते.

आज पालक मेळाव्याला दादा आणि तात्या दोघेही येणार आहेत. हा कागद एकच आहे, म्हणून वाचायला दोघांना एकाच ठिकाणी उभे राहावे लागेल. माझ्या लेखात काही चुकले असल्यास मोठ्यांनी सांभाळून घ्यावे.

– एक विद्यार्थी, इयत्ता सहावी